पाझराचा माग

नगराचे वैभव त्याच्या राजवाड्यांत, देवळांत आणि चर्चच्या मनोऱ्यांत दिसते. पण त्याचे आयुष्य किती हे पुष्कळदा जमिनीखाली ठरते. पिण्याचे पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते आणि ही दोन पाणी वाटेत एकमेकांस भेटतात की काय, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या नगराने वेळीच शोधली नाहीत, त्याचे तट आणि तोफा त्याच्या कामी आल्या नाहीत. याचा दाखला हुडकण्यासाठी गोमंतकीयाला दूर जावे लागत नाही. डिचोली तालुक्यातील कारापूर गावाजवळून, सांखळीसमोरून वाळवंटी नदी वाहते. तिच्या काठी विठ्ठलाचे देऊळ आहे. तिचे पाणी पुढे मांडवीला मिळते, आणि मांडवी ज्या काठावरून समुद्राकडे जाते तेथे एका महानगराचे अवशेष उभे आहेत. ते महानगर म्हणजे जुने गोवे.

१५१० साली आफोंसो द आल्बुकेर्क याने हे शहर जिंकले आणि १५३० साली ते पूर्वेकडील पोर्तुगीज साम्राज्याची राजधानी झाले. व्यापार वाढला, वस्ती दाटली, घराला घर लागले. परंतु त्या वस्तीच्या मानाने सांडपाण्याची सोय झाली नाही. घराच्या आवारात विहीर आणि त्याच आवारात शौचकूप, अशी बहुतेकांची व्यवस्था होती. १५४३ साली शहरात भयंकर साथ आली. गास्पार कोरैया या इतिहासकाराने तिचे वर्णन करून ठेवले आहे, आणि रोगाचे नाव त्याने स्थानिक लोकांच्या तोंडचेच दिले आहे. आपल्या ‘मोडशी’ या शब्दाला पोर्तुगीज वळण मिळून तो युरोपच्या वैद्यकग्रंथांत गेला. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या औषधिविषयक संवादग्रंथातही या रोगाची चर्चा आहे. ओर्ता हा नामांकित वैद्य होता. पण रोग पाण्यावाटे पसरतो हे त्या काळी जगात कोणासच ठाऊक नव्हते.

पाणी वाईट आहे एवढे मात्र लोकांनी ओळखले होते. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात राहून गेलेल्या पिरार द लावाल या फ्रेंच प्रवाशाने लिहिले आहे, की शहराबाहेरील बांगेणीच्या झऱ्याचे पाणी गुलाम घागरींतून आणीत आणि शहरात विकीत. दारात विहीर असूनही ज्या शहराला पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागते, त्या शहराच्या जमिनीत काहीतरी बिघडले आहे हे उघडच आहे. पुढे साथी वारंवार आल्या. डचांनी समुद्रमार्ग रोखल्यामुळे व्यापार ओसरला, हिवतापानेही आपला वाटा उचलला. केवळ पाण्याने शहर मारले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु रोगट जमिनीच्या भीतीने ते अखेर रिकामे झाले यात शंका नाही. १७५९ साली व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीस हलविले. १७७५ साली त्या एके काळच्या महानगरात अवघी १,६०० माणसे उरली होती. शहर पुन्हा वसविण्याचा एक प्रयत्न त्याच सुमारास झाला, पण कामावरील मजूरच आजारी पडून मरू लागले तेव्हा तो सोडून द्यावा लागला. १८४३ साली पणजी ही अधिकृत राजधानी झाली.

जुने गोवे का नासले, याचे उत्तर पायाखालच्या दगडात आहे. हाच दगड कारापुरातही आहे. चिऱ्याच्या खाणीत उतरून पाहिले म्हणजे जांभ्या दगडाच्या अंगातील भोके आणि नळ्या स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस या प्रदेशात पडतो. त्यातील बरेच पाणी या भोकांतून खाली मुरते, खालच्या चिकणमातीसारख्या थरावर अडते आणि पठाराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर येते. गोमंतकातील कित्येक गावे आणि देवळे अशा झरींच्या आधाराने वसली आहेत. परंतु ज्या वाटेने पावसाचे निर्मळ पाणी उतरते, त्याच वाटेने मैल्याचे पाणीही उतरते. वाळूच्या थरातून सावकाश जाताना पाणी पुष्कळ अंशी गाळले जाते; जांभ्याच्या नळीतून ते गाळले न जाताच धावते. म्हणून या भूमीत विहीर आणि शौचकूप यांच्यामध्ये अंतर किती आहे एवढ्यावरच भागत नाही. चढाला कोण आणि उताराला कोण, हेही पाहावे लागते.

याच तालुक्याने पाझराची उलट बाजूही पाहिली आहे. लोहखनिजाच्या खाणी भूजलाच्या पातळीखाली खणल्या गेल्या, तेव्हा खड्ड्यात साचणारे पाणी रात्रंदिवस पंपाने उपसावे लागले, आणि आसपासच्या विहिरींचे पाणी खाली गेले. विहिरी कोणी फोडल्या नव्हत्या की बुजविल्याही नव्हत्या. शेजारी त्यांच्याहून खोल जागा निर्माण झाली होती, एवढेच. यातच पाझराचा मूळ नियम आला. पाणी उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे जाते. वाट बारीक असेल तर सावकाश जाते, रुंद असेल तर वेगाने जाते, पण वाट असली तर गेल्याशिवाय राहत नाही. जमिनीखालच्या प्रत्येक नळाला, गटाराला आणि मॅनहोलला हा नियम लागू आहे.

जमिनीखाली पाणी खेळवायचे तर त्यावर नजर ठेवण्याची सोय हवी, हे दख्खनच्या जुन्या कारागिरांना चांगले कळले होते. सतराव्या शतकाच्या पहिल्या चरणात बुऱ्हाणपुरास मोगल अमदानीत भुयारी जलमार्ग बांधला गेला आणि त्याच्या वाटेवर विहिरीसारख्या कुंड्यांची रांग ठेवण्यात आली. जवळजवळ त्याच काळात मलिक अंबर याने खडकी येथे, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत व आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आपली प्रसिद्ध नहर आणली. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यास शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणले. त्या विटा-चुन्याच्या भुयारातून माणूस चालू शकत असे, आणि त्यावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. ‘उच्छ्वास’ हा शब्दच किती अर्थपूर्ण आहे! त्यातून भुयारात कोंडलेली हवा बाहेर पडे, गाळ काढणारा माणूस आत उतरे, आणि पाणी कोठे कमी झाले हेही कळे. एका उच्छ्वासापाशी पाणी भरपूर आहे आणि पुढच्यापाशी उणे आहे, तर दोष या दोहोंच्या मध्ये आहे, हे सांगायला कोणते यंत्र लागणार?

आधुनिक भुयारी गटारावरील मॅनहोल हा या उच्छ्वासाचाच वंशज म्हणावा लागेल. जेथे गटार वळते, जेथे त्याचा उतार किंवा व्यास बदलतो, जेथे दुसरे गटार येऊन मिळते, तेथे मॅनहोल बांधतात. लहान गटारांच्या सरळ वाटेवरही साधारण ३० मीटरांच्या अंतराने ते असते. फरक एवढाच की कात्रजच्या भुयारात पिण्याचे पाणी होते आणि आजच्या गटारात मैला आहे. म्हणून येथे पाझर दुहेरी घातक ठरतो. भूजल वर असेल तेव्हा बाहेरचे स्वच्छ पाणी मॅनहोलमध्ये शिरते, गटारे तुडुंब भरतात, पंप थकतात आणि शुद्धीकरण केंद्रावर नाहक भार पडतो. भूजल खाली गेले म्हणजे आतले घाण पाणी त्याच भेगेतून बाहेर पडते आणि जवळच्या विहिरीकडे किंवा नळाकडे वाट काढते. एकच भेग पावसाळ्यात एक अपराध करते आणि उन्हाळ्यात दुसरा.

ही भेग पडते तरी कशी? पहिले आणि नेहमीचे कारण म्हणजे नळ जेथे मॅनहोलच्या भिंतीत शिरतो तो सांधा. भिंत जड असते, नळ हलका; जमीन बसू लागली म्हणजे दोन्ही सारख्याच मानाने बसत नाहीत, आणि सांध्याचा गिलावा तडकतो. दुसरे कारण बांधकामाचे. विटांच्या दरजा नीट भरल्या नाहीत, बाहेरून गिलावा केला नाही, किंवा काँक्रीटच्या तयार कड्या एकमेकींवर ठेवताना सांध्यात पुरेसे भरण घातले नाही, तर पाणी ते नेमके हेरते. तिसरे कारण झाकणाचे. चौकट सैल झाली, किंवा रस्त्याची पातळी वाढून झाकण खळग्यात राहिले, म्हणजे पावसाचा लोट सरळ आत जातो. चौथे कारण रहदारीचे हादरे आणि पाचवे झाडांची मुळे. केसाएवढ्या फटीत शिरलेले मूळ काही वर्षांत बोटाएवढे होते आणि भिंत उकलते.

सहावे कारण शोधून काढायला मात्र शास्त्रज्ञांना फार दिवस लागले. मैला कुजताना सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू निघतो. काँक्रीटच्या ओलसर भिंतीवर त्याचे गंधकाम्ल बनते, आणि ते अम्ल काँक्रीटला पोखरून पिठासारखे भुसभुशीत करते. हे काम केवळ रसायनाचे नसून सूक्ष्म जंतूंचे आहे, हे १९४५ साली पार्कर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने दाखवून दिले. उष्ण हवेत आणि मंद उताराच्या गटारात हा क्षय अधिक वेगाने होतो. कोकणपट्टीच्या हवामानात बांधकाम करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरता कामा नये.

कारणे कळली तरी नेमका दोष कोठे आहे हे शोधणे वेगळेच. या शोधाचा सर्वांत बोधप्रद प्रसंग लंडनमध्ये घडला. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस तेथील ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकीची साथ उसळली आणि थोड्या आठवड्यांत ६०० हून अधिक माणसे दगावली. जॉन स्नो या डॉक्टराने घरोघर चौकशी करून मृतांचा संबंध रस्त्यावरील एका सार्वजनिक पंपाशी जोडला, आणि ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. परंतु विहीर आतून तपासली तेव्हा दोष सापडला नाही. टीकाकारांना आनंद झाला. हेन्री व्हाइटहेड या तेथील तरुण पाद्र्याचाही स्नोच्या मतावर प्रथम विश्वास नव्हता. पण तो प्रामाणिक होता. तोही घरोघर हिंडला, आणि पंपाच्या अगदी समोरच्या ४० क्रमांकाच्या घरात एक तान्हे मूल साथीच्या आरंभीच आजारी पडले होते, त्याची लंगोटे धुतलेले पाणी घरापुढील शौचकूपात टाकले जात होते, असे त्याला आढळले. १८५५ च्या एप्रिलमध्ये ती जागा बाहेरून खणण्यात आली. शौचकूपाच्या विटा सुट्या झालेल्या, गटार गळके, आणि तेथून विहिरीच्या भिंतीपर्यंतचे अंतर तीन फुटांहूनही कमी. मधली माती मैल्याने भिजलेली होती.

या प्रसंगातून पाझर शोधणाऱ्याने दोन धडे घ्यावेत. पहिला असा, की आतून निर्दोष दिसणारी भिंत निर्दोष असतेच असे नाही. दुसरा असा, की शोध नेहमी भेगेपासून सुरू होत नाही. पुष्कळदा तो माणसांपासून सुरू होतो. कोण आजारी पडले, कोणत्या दिवशी पडले, कोणते पाणी प्याले, या साध्या प्रश्नांनी जे उलगडले ते केवळ फावड्याने उलगडले नसते.

त्यानंतरच्या काळात शोधाची साधने वाढली. १८७१ साली आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनज्ञाने फ्लुओरेसीन हा हिरवा चमकणारा रंग तयार केला. १८७७ साली डॅन्यूब नदी जेथे आपल्या पात्रातच गडप होते तेथे हा रंग ओतण्यात आला, आणि सुमारे अडीच दिवसांनी तो १२ किलोमीटरांवरील आख नदीच्या झऱ्यात उमटला. हाच उपाय आज मॅनहोललाही लावतात. संशयित शौचकूपात किंवा नाल्यात निरुपद्रवी रंग सोडावा आणि तो कोणत्या मॅनहोलच्या भिंतीतून पाझरतो ते पाहावे. गटारात धूर सोडणे हाही त्यातलाच प्रकार. जमिनीतून, पन्हळीतून किंवा भिंतीच्या फटीतून धूर निघाला की चोरवाट उघड होते.

१८७३ साली लिव्हरपूलचे अभियंते जॉर्ज डीकन यांनी नळांची गळती मोजण्यासाठी एक मीटर वापरात आणले. त्यामागील युक्ती मोठी साधी आहे. मध्यरात्रीनंतर गाव झोपलेले असते, तेव्हा पाण्याचा वापर जवळजवळ थांबतो. त्या वेळीही नळातून पाणी वाहत असेल तर ते कोठेतरी वाया जात आहे. मग एकेक झडप बंद करीत जावे. ज्या झडपेने प्रवाह थांबेल, तिच्या पुढे दोष आहे. लाकडी दांडा झडपेवर टेकवून दुसरे टोक कानाशी धरणारे कामगारही याच वेळी गस्त घालीत. दाबाखालच्या गळक्या नळाचा बारीक सुस्कारा त्यांना ऐकू येई. हीच वेळ मॅनहोल पाहण्यासही उत्तम. उत्तररात्री, पाऊस नसताना, मॅनहोलमध्ये निर्मळ पाण्याची धार वाहताना दिसली तर ते घरांचे सांडपाणी खास नव्हे.

पण ती धार भूजलाची की फुटलेल्या नळाची? याचे उत्तर पाणीच देते. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून घातलेल्या क्लोरिनचा अंश असतो. भूजलात तो नसतो. क्लोरिन आढळले तर जवळचा नळ तपासावा. मात्र मैल्यात मिसळताच क्लोरिन नाहीसे होते, म्हणून नमुना तळातून न घेता भिंतीतून निथळणाऱ्या धारेचाच घ्यावा. भरतीबरोबर धार वाढत असेल तर खाडीचा संशय घ्यावा. दलदल भरून वसविलेल्या पणजीसारख्या सखल शहरात ही परीक्षा विशेष उपयोगी. पावसानंतर तासाभरात ओघ वाढला तर झाकण किंवा पन्हळीचे नळ दोषी. काही दिवसांनी सावकाश वाढला तर भूजल. आणि आतले पाणी बाहेर जाते की काय हे पाहण्यासाठी दोन्ही बाजूंचे नळ बुचांनी बंद करून मॅनहोल पाण्याने भरावे व पातळी किती उतरते ते मोजावे.

हे सारे कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर जुन्या गोव्यापुरते मर्यादित नाही. ज्या गावांत नळाला पाणी थोडाच वेळ येते, तेथे उरलेल्या वेळी नळ रिकामे असतात, आणि रिकामा नळ आपल्याच भेगेतून बाहेरची घाण आत ओढतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती दूषित पाण्यामुळेच. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या गोमंतकीयांना रोगाचे कारण ठाऊक नव्हते; आजच्यांना ती सबब सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट या इतिहासात सांगितलीच पाहिजे. मॅनहोल म्हणजे माणसाने उतरण्याचे भोक, असे त्याच्या नावातच आहे, आणि त्या नावाने असंख्य माणसांचा बळी घेतला आहे. जो वायू काँक्रीट पोखरतो, तोच माणसाला क्षणात बेशुद्ध करतो. एकाला वाचवायला उतरलेला दुसराही परत येत नाही, असे कितीदा घडले आहे. १९९३ च्या कायद्याने हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर बंदी आली. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरविणे हाही गुन्हा ठरविला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूबद्दल १० लाख रुपये भरपाई ठरविली आणि २०२३ साली ती ३० लाख केली. भरपाईने माणूस परत येत नाही. म्हणून पाझर शोधण्याच्या ज्या रीती वर सांगितल्या, त्यांपैकी बहुतेक रस्त्यावर उभे राहूनच करता येतात, ही त्यांची सर्वांत मोठी थोरवी आहे. रंग, धूर, मीटर, पाण्याचा नमुना, आणि आता दोरीने खाली सोडता येणारा कॅमेरा, ही साधने हाताशी असताना माणसाचा जीव हे शोधाचे साधन होता कामा नये.

कारापूरसारख्या गावात घर बांधणाऱ्याने या इतिहासातून काय घ्यावे? विहीर चढाला आणि शोषखड्डा उताराला ठेवावा. सेप्टिक टाकी बांधून झाल्यावर ती पाण्याने भरून पातळी उतरते का ते पाहावे, मगच माती लोटावी. पहिल्या पावसात विहिरीच्या पाण्याचा रंग किंवा वास बदलला तर ते उकळल्याशिवाय पिऊ नये आणि तपासून घ्यावे. दारात भुयारी गटार येईल त्या दिवशी खड्डे बुजवून टाकण्याआधी मॅनहोलचा सांधा उघडा असतानाच पाहून घ्यावा. एकदा माती पडली की मग तो पाहणे खर्चाचे काम होते. वाळवंटीचे पाणी आजही मांडवीतून जुन्या गोव्याच्या ओसाड घाटांवरून वाहत जाते. त्या शहराजवळ सोने होते, जहाजे होती, उत्तम वैद्यही होते. आपल्या विहिरीपाशी जमिनीखालून काय येत आहे, एवढे मात्र त्याने पाहिले नाही.